मदत हवी आहे: स्पॅनिशसाठी चार आठवडे मेक्सिको, शहर कोणतं निवडू?

पेठेतला_पोपट

आम्हा दोघांचं (नवरा-बायको) ए-2 (युरोपीय मापातली सुरुवातीची दुसरी पातळी) पर्यंतचं स्पॅनिश पुण्यात झालंय. वाचलेलं कळतं, क्रियापदांची रूपं पाठ आहेत, पण समोरचा भरभर बोलायला लागला की पाटी कोरी. जुलैत चार आठवडे जायचं ठरवतोय. सकाळी वर्ग आणि राहणं एखाद्या कुटुंबात. यादीत वाहाका, ग्वानाह्वातो, मेरिदा आणि मेक्सिको सिटी आहेत.

अडचणी अशा: बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढउतार फार नको. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. माझ्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, तिच्याकडे नाही. आठवड्यातून एकदा भारतातल्या सकाळी नऊला माझा ऑफिसचा कॉल असतो. काय करावं?

---

नकाशेवाला

कॉलचं आधी सांगतो, ते सोपं आहे. मध्य मेक्सिको भारताच्या साडेअकरा तास मागे. 2022 मध्ये त्यांनी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं जवळपास देशभर बंद केलं, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. वर्गाला धक्का नाही.

आता यादी. ग्वानाह्वातो गुडघ्यासाठी खोडाच. गाव दरीत वसलंय, वाहनं बरीचशी जमिनीखालच्या बोगद्यांतून जातात आणि माणसं गल्ल्यांमधल्या पायऱ्यांवरून. कुटुंबाचं घर बहुधा चढावरच निघतं. एरवी विद्यापीठाचं गाव, स्वच्छ उच्चार, शिकायला उत्तम. पण ऑक्टोबर टाळावा, तेव्हा तिथे सेर्वांतिनो महोत्सव असतो आणि खोल्या मिळत नाहीत.

वाहाका साधारण 1550 मीटरवर. जुना भाग बऱ्यापैकी सपाट आणि चौकटीत आखलेला. अडचण महिन्याची आहे. जुलैच्या शेवटच्या दोन सोमवारी ग्वेलागेत्सा हा मोठा नृत्योत्सव असतो. त्या पंधरवड्यात भाडी चढतात, रस्ते बंद होतात. शिवाय मे-जूनमध्ये शिक्षक संघटनेचं आंदोलन ठरलेलं, कधी ते लांबतं आणि मुख्य चौकात तंबू पडतात. विद्यार्थ्याला धोका नाही, पण 'ब्लोकेओ' म्हणजे रास्ता रोको झाला की बस तासन् तास अडकते.

मेक्सिको सिटी 2240 मीटरवर. पहिले दोन-तीन दिवस जिना चढताना धाप लागते. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र 1921 पासून चालू आहे. शिकवणं भक्कम, पण नेहमीचे अभ्यासक्रम साधारण सहा आठवड्यांचे. तुमच्या चारात बसत नाहीत.

तुमच्या अटी पाहता यादीबाहेरचं नाव सुचवतो: पुएब्ला. उंची 2135 मीटरच्या आसपास. जुनं शहर पाटासारखं सपाट, सरळ रस्त्यांचं. विद्यापीठामुळे तरुण माणसं भरपूर. परदेशी पर्यटक येतात, पण बरेचसे दिवसभर फिरून परततात, त्यामुळे दुकानदार तुमच्याशी इंग्रजी सुरू करत नाही. चार आठवड्यांच्या मुक्कामात हाच मुद्दा सगळ्यात मोठा. सान मिगेल दे आयेन्दे दिसायला कितीही देखणं असलं तरी याच कारणासाठी नको. अमेरिकेतून निवृत्त होऊन आलेले इतके लोक तिथे राहतात की स्पॅनिश बोलायला निमित्त शोधावं लागतं.

पुएब्लाला मेक्सिको सिटीच्या विमानतळावरूनच थेट बस आहे, साधारण दोन तास. शहरात शिरायची गरज नाही. उणी बाजू पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीची. अधूनमधून बारीक राख पडते, तेव्हा मास्क लावायचा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा घालायचा.

---

उन्हाळी_सुट्टी

मेरिदाला कोणीच विचारत नाही म्हणून लिहिते. शहर सपाट, मेक्सिकोतल्या सुरक्षित शहरांत गणलं जाणारं. पण जुलैत नको. उकाडा आणि दमट हवा, घरात एसी असला तरी कुटुंबं तो रात्रीपुरताच लावतात. जानेवारीत जाणार असाल तर मी भांडून मेरिदाच सुचवेन. उच्चारात माया भाषेची छाप आहे, शब्दाच्या शेवटचा 'न' बऱ्याचदा 'म' होतो. 'पान' म्हणजे पाव, तो 'पाम' ऐकू येतो. ए-2 वाल्याने गोंधळायला एवढं पुरे.

जुलै म्हणजे मेक्सिकोतही पावसाळा, पण आपल्यासारखी झड लागत नाही. सकाळ कोरडी, चार-पाचला तासभर झोडपून काढतो. वर्ग सकाळीच घ्या, भटकंती दुपारच्या आत उरका. पुएब्लाची संध्याकाळ गार असते, घरांत हीटर नसतात. स्वेटर न्या.

---

धडा_पहिला

शहरावर जितका वेळ घालवताय त्याच्या निम्मा शाळेला पत्र लिहिण्यात घाला. आठवड्याला 20 तास हे नेहमीचं माप, म्हणजे चार आठवड्यांत 80. एवढ्यात ए-2 संपवून अख्खं बी-1 (पुढची पातळी) होत नाही. कान तयार होतात आणि तोंड उघडतं, तुम्हाला नेमकं तेच हवंय.

पैसे भरण्याआधी विचारा: गटात जास्तीत जास्त किती जण? आमच्या पातळीचं आणखी कोणी नसेल तर काय? इथेच बहुतेकांची फसगत होते. छोट्या शाळा अशा वेळी एकतर ए-2 आणि बी-1 एकत्र बसवतात, नाहीतर 'आता वर्ग खासगी झाला' म्हणून चार तासांचे दोन-तीन करतात, फी तीच. दोन्ही नियम लेखी मागा. सुट्टीच्या दिवशी बुडालेले तास भरून देतात का? पुस्तकाचे पैसे वेगळे का? पातळीची चाचणी ऑनलाइन होते की पहिल्या सोमवारी तिथेच? तिथेच असेल तर पहिला दिवस गेला म्हणून समजा.

चारही आठवड्यांचे पैसे एकदम भरू नका. दोन भरा, पटलं तर पुढचे दोन.

आणि कडू सल्ला: नवरा-बायकोंनी वेगळ्या गटात बसा, जमलं तर वेगळ्या कुटुंबांत राहा. एका खोलीत राहिलात तर जेवणाच्या टेबलावर मराठीच चालेल. बी-1 चं प्रमाणपत्र पुढे हवं असेल तर परीक्षेचा विचार परतल्यावर करा. परीक्षेच्या धाकाने चार आठवडे व्याकरणातच जातात.

---

शिक्का_मोर्तब

व्हिसा. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. प्रवेशाच्या दिवशी तो चालू हवा. मुदत संपलेला शिक्का आणि सोबत अमेरिकी कामाच्या मंजुरीचा कागद असं चालत नाही, अमेरिकेतले मराठी लोक इथेच अडकतात. चेक-इनच्या खिडकीवर हा नियम माहीत नसतो, दूतावासाच्या पानाची प्रत जवळ ठेवा.

वहिनींना मेक्सिकन दूतावासातून अभ्यागत व्हिसा काढावा लागेल. 180 दिवसांच्या आतला भाषेचा अभ्यासक्रम त्यावर चालतो, विद्यार्थी व्हिसा नको. स्वतः हजर राहावं लागतं, म्हणून तारीख आधी घ्या आणि तिकीट नंतर. शाळेचं पत्र, राहण्याचा पत्ता, बँकेची स्टेटमेंट्स ही तयारी ठेवा.

दोघं एकत्र जाणार असाल तर अमेरिकामार्गे तिकीट काढू नका. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. इस्तंबूलहून मेक्सिको सिटीला थेट विमान आहे. युरोपातून जायचं तर ट्रान्झिटचा नियम देशागणिक वेगळा, तो आधी पाहा.

उतरल्यावर अधिकारी पासपोर्टवर मुक्कामाचे दिवस लिहितो. 180 च मिळतील असं नाही. आकडा तिथेच वाचा, बाहेर पडल्यावर दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी.

---

पेठेतला_पोपट

पुएब्ला डोक्यातच नव्हतं! वेगळ्या कुटुंबांचा सल्ला घरी वाचून दाखवला, प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही. जेवणाचं सांगा ना कोणीतरी.

---

राजगिरा_लाडू

'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढं म्हणून थांबू नका. तिथे कार्ने म्हणजे बऱ्याचदा गाई-डुकराचं मांस, कोंबडी किंवा हॅम घातलेलं ताट समोर येईल. चारही नावं घ्या: सिन कार्ने, सिन पोयो (कोंबडी), सिन पेस्कादो (मासा), सिन हामोन (हॅम).

खरी गोम न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. घोटलेल्या बीन्समध्ये आणि तामालमध्ये (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी. तांबडा भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला. पुएब्लाच्या मोले या घट्ट मसालेदार सॉसमध्येही बहुधा तोच रस्सा. विचारायचं वाक्य ('येवा' म्हणजे 'यात आहे का'): '¿येवा मान्तेका?' आणि '¿येवा काल्दो दे पोयो?' वाहाकाला फिरायला गेलात तर त्लायुदा (मक्याची मोठी कुरकुरीत पोळी) मागवताना 'सिन आसिएन्तो' म्हणा, तोही चरबीचाच थर असतो.

निर्धास्त खाण्यासारखं: भोपळ्याच्या फुलांची, मशरूमची किंवा हुइत्लाकोचेची केसादिया (हुइत्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावरची काळी बुरशी, नाक मुरडू नका), नोपालची (निवडुंगाच्या पानांची) भाजी, मिरचीच्या राहास म्हणजे उभ्या चिरलेल्या पट्ट्या. 'आग्वा दे हामायका' हे सरबत आपल्या लाल अंबाडीचं. 'आलेग्रिया' नावाची वडी म्हणजे राजगिऱ्याची चिक्कीच, फक्त गूळ-साखरेऐवजी कधी मध. कुटुंबाला हे सगळं शाळेमार्फत आधी कळवा. मुख्य जेवण दुपारी दोन ते चार, रात्री हलकंसं. प्यायला नळाचं पाणी नाही, 20 लिटरच्या 'गार्राफोन'मधलं.

---

अनुस्वार

जाण्याआधी महिनाभर काय घोकायचं ते सांगतो. मराठीवाल्यांना काही गोष्टी फुकट मिळतात, पण इंग्रजीतून स्पॅनिश शिकल्यामुळे त्या लक्षात येत नाहीत. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हे थेट 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. 'घर पाहिलं' पण 'आईला पाहिलं', यातला 'ला' म्हणजे माणसाआधी येणारा त्यांचा 'आ'. आणि ज्या दोन भूतकाळांवर सगळे रडतात ते 'जायचो' आणि 'गेलो', म्हणजे 'इबा' आणि 'फुई'. वाक्य आधी मराठीत मनात म्हणा, निम्म्या चुका जातील. 'सेर' आणि 'एस्तार'ला मात्र आपलं एकच 'आहे', तिथे मराठीची मदत नाही.

'वोसोत्रोस'ची (जवळच्या लोकांना 'तुम्ही') रूपं पाठ करणं सोडून द्या, मेक्सिकोत ती बोलत नाहीत, 'उस्तेदेस' सगळ्यांना चालतं. ऐकू आलं नाही तर 'के?' ऐवजी 'मान्दे?' म्हणा, घरच्या आजी खूश होतील. आजींना 'उस्तेद'च, त्या स्वतः 'तू' म्हणायला सांगेपर्यंत. आणि कोणी 'आओरिता' म्हणालं तर शब्दकोशातलं 'आत्ता लगेच' धरून बसू नका. तो आपला 'येतोच पाच मिनिटांत' आहे.

---

पेठेतला_पोपट

व्हिसाची तारीख बघायला घेतलीय. पुएब्लातल्या तीन शाळांना उद्या पत्र जाईल, एकटं पडल्यास तास किती हा प्रश्न पहिला. वेगळी कुटुंबं नाही, पण वेगळे गट कबूल झालेत. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरचं काही करावं लागतं का?

---

नकाशेवाला

वीज 127 व्होल्ट, प्लग अमेरिकेसारखा दोन चपट्या पात्यांचा. चार्जरवर '100–240' लिहिलेलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरे. इथली 230 व्होल्टची किटली किंवा इस्त्री नेऊ नका, नीट तापणार नाही. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचं भोक नसतं, म्हणून अडॅप्टर दोन पिनांचाच घ्या.