शब्दचर्चा: गिटारच्या ‘सॅडल’ला मराठीत काय म्हणावं?

मासुंदाकाठ:
नौपाड्यातल्या एका गिटार क्लाससाठी मराठीत एकपानी माहितीपत्रक तयार होतंय. विषय: क्लासिकल, म्हणजे नायलॉन तारांच्या गिटारचं सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून तारांची उंची कमी करणं. ‘सॅडल’ तसंच ठेवावं की त्याला शब्द आहे? मसुद्यात सध्या ‘तारा उतरवा, ब्रिज काढा, खालून घासा’ असं आहे.

वाशी सेक्टर सतरा:
सतार-तंबोऱ्यावर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. मिरजेत हाच शब्द चालतो. नवा कशाला शोधायचा?

घोडबंदरकर:
आधी ‘ब्रिज काढा’ खोडा. ब्रिज म्हणजे तबलीवर (गिटारच्या पुढच्या पातळ फळीवर) सरसानं कायमचा चिकटवलेला लाकडी ठोकळा. कुणी शब्दशः वाचून तो उपटायला गेलं तर तबलीचं लाकूड सालपटासारखं सोबत येईल. सॅडल ही त्या ठोकळ्याच्या खोबणीत बसणारी सुटी पट्टी, हाडाची किंवा प्लॅस्टिकची, साधारण 80 मिमी लांब आणि अडीच-तीन मिमी जाड. तारा बांधल्या जातात ब्रिजला आणि टेकतात सॅडलवर. तंबोऱ्याच्या घोडीत असे दोन सुटे भाग नसतात. म्हणून ‘घोडी’ हा शब्द ब्रिजला द्यावा, सॅडलला नाही.

बाकी घोडी शब्द फार दूरवर पोचलेला आहे. फ्रेंचमध्ये ब्रिजला ‘शेव्हाले’ म्हणतात, म्हणजे छोटा घोडा. तमिळमध्ये वीणेच्या ब्रिजला ‘कुदिरै’, तोही घोडाच. फारसीत ‘खरक’, म्हणजे छोटं गाढव. ओझं वाहणारं जनावर सगळ्यांनाच सुचलेलं दिसतं.

कानस-पॉलिशपेपर:
मग घोडीवर बसतं ते खोगीर! सॅडलचा अर्थही तोच. आणि गंमत म्हणजे खोगीर फार घासलं गेलं तर त्याखाली जी पातळ पट्टी सारतात तिला ‘खोगीरभरती’ म्हणायची सोय आयतीच होते.

वाशी सेक्टर सतरा:
विनोद म्हणून छान. पण ‘खोगीर’ म्हटलं की जाड, मऊ, कोंबून भरलेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे वस्तू कडक आणि टोकदार कण्याची आहे. ‘जीन’ म्हणावं तर वाचणाऱ्याला पँट आठवेल. स्पॅनिशमध्ये वाजवणारे सरळ ‘हुएसो’ म्हणतात, म्हणजे हाड. जर्मनमध्ये ‘श्टेगआइनलागं’, म्हणजे घोडीत बसवलेला तुकडा.

घोडबंदरकर:
शब्द चालतो की नाही ते पूर्ण कृती लिहून पाहिलं की कळतं. ‘सॅडल’ आणि ‘घोडी’ धरून लिहितो:

आधी मापा. बाराव्या पडद्याच्या (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर: सहाव्या (जाड) तारेखाली साधारण 4 मिमी, पहिलीखाली 3 मिमी हे नेहमीचं माप. समजा सहावीला 4.5 आणि पहिलीला 3.2 आलं. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो, त्यामुळे तिथे जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं. म्हणजे जाड बाजूनं 1 मिमी आणि पातळ बाजूनं 0.4 मिमी. इथेच बरेच जण अर्ध्यावर थांबतात आणि ‘घासूनही फरक पडत नाही’ म्हणतात.

खुंट्या फिरवून सगळ्या तारा इतक्या सैल सोडा की सॅडलवरून बाजूला सरकतील. घोडीवरच्या गाठी सोडायची गरज नाही. सॅडल काढण्यापूर्वी पेन्सिलीनं त्याची पातळ तारांची बाजू आणि पुढचा चेहरा खुणा करून ठेवा. कित्येक सॅडलमध्ये तिसऱ्या तारेचा टेकू थोडा मागे घेतलेला असतो, कारण ती जाड, साधी नायलॉन तार दाबल्यावर सुराला चढते. सॅडल उलटं बसलं की तीच चूक दुसऱ्या तारांवर जाते. हातानं निघत नसेल तर पकडीच्या जबड्याला टेप गुंडाळून सरळ वर ओढा, वाकडं नको. तरीही हललं नाही तर ते चिकटवलेलं आहे. जोर न लावता कारागिराकडे द्या. खाली पिकअपची (तारांचा आवाज अँप्लिफायरकडे पोचवणारी) पट्टी असेल तर तिला हात लावू नका.

घासायचं ते नेहमी बूड. माथ्याला हात नाही. काचेवर 150 नंबरचा पॉलिशपेपर पसरा, सॅडलवर बुडापासून काढायच्या मापाची रेषा आखून तिथपर्यंत एकसारख्या दाबानं घासा, शेवटी 320 नंबर. बोटं टोकांवर दाबली जातात आणि बूड पाळण्याच्या पायांसारखं गोल होतं. मग कडेच्या तारांचा आवाज जाड-पातळ येतो, पिकअप असेल तर तारांचा आवाज कमी-जास्त निघतो. उजेडासमोर काचेवर उभं धरून फट दिसते का पाहा, गुण्यानं काटकोन तपासा. ठरलेल्या मापाचा निम्मा भाग घासून एकदा बसवून, तारा सुरात आणून परत मापा. हाडाची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

सॅडल घोडीच्या वर निदान 2 मिमी दिसलं पाहिजे. त्याहून खाली गेलं तर तारेला पुरेसा कोन मिळत नाही आणि ती माथ्यावर नीट दाबून बसत नाही.

कानस-पॉलिशपेपर:
जास्त घासलंच तर कागदाची घडी घालू नका, ती दबते. खोबणीच्या पूर्ण लांबीची, पातळ कडक लाकडाची एकच पट्टी घाला. ही तात्पुरती सोय. पक्कं काम म्हणजे नवं हाड.

एक शब्द राहिला. तार पडद्याला लागून झणझणली तर तिला ‘जवारी’ (सतारीचा तो गुंजणारा झंकार) म्हणू नका. सतारीत जवारी हवी असते, त्यासाठी घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासतात, तार त्यावर हळूहळू सुटते. गिटारच्या सॅडलचा माथा अरुंद गोल ठेवतात, तार एका बिंदूवर सुटावी म्हणून. सॅडलचा माथाच सपाट झाला तर मात्र गिटार सतारीसारखी बोलते, आणि तिथे ‘जवारी लागली’ हे अगदी अचूक वर्णन होईल. पडद्यावरची ती ‘झणझण’, माथ्यावरची ती ‘जवारी’. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

वाशी सेक्टर सतरा:
पत्रकात हेही टाका: जुलै-ऑगस्टमध्ये घासू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तबली फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा उंच वाटतात. तेव्हा घासलेलं सॅडल कोरड्या दिवसांत किंवा एसीच्या खोलीत तारा पडद्यांवर आणून टेकवेल.

मासुंदाकाठ:
मग ब्रिज = घोडी, सॅडल = सॅडल, खोबण, झणझण. पहिली ओळ आता अशी: ‘तारा उतरवा, सॅडल वर ओढून काढा.’

घोडबंदरकर:
‘उतरवा’ काढा. तार उतरवणे म्हणजे सूर खाली आणणे, कुणी अर्धा सूर उतरवून थांबेल. कुणी ती साफ काढूनच टाकेल. कुणाला वाटेल उंची कमी करायला सांगितलंय. ‘तारा पूर्ण सैल सोडा’ लिहा.