अराल्डाइट नको, वेल्डिंग करा

पॉलीप्रॉप या प्लास्टिकच्या खुर्चीला तडा गेला की त्यात अराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी गोंद, भरायचा सल्ला दिला जातो, पण तो गोंद टिकणार नाही. ब्रिटिश डिझायनर रॉबिन डे यांनी हिल या फर्निचर कंपनीसाठी केलेल्या या १९६३च्या खुर्चीचं कवच, म्हणजे बसायचा-टेकायचा एकसंध भाग, पॉलिप्रॉपिलीनचं आहे आणि त्याला इपॉक्सी नीट धरतच नाही. खुर्ची बसताना लवचिकपणे वाकते, इपॉक्सी वाकत नाही, त्यामुळे चार दिवसांत पापुद्रा निघतो. शिवाय कवचाची ताकद त्याच्या खाली वळवलेल्या काठात आहे. तडा तिथपर्यंत गेला असेल तर नुसतं बुजवून भागत नाही.

खरा उपाय गरम हवेच्या वेल्डिंगचा, म्हणजे गरम हवेने प्लास्टिकची सळई आणि तडा मऊ करून एकजीव करण्याचा. आधी तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग व्ही आकाराची खाच करा आणि वरचा पांढुरका, उन्हाने मेलेला थर ताजं प्लास्टिक दिसेपर्यंत खरवडून काढा. बहुतेक वेल्ड इथेच फसतात, जुन्या थराला नवं प्लास्टिक चिकटतच नाही. सळई पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. तुकडा पाण्यात टाकून पाहा, बुडला तर ती चुकीची. हवा साधारण ३०० अंशांवर ठेवा, सळई आणि खाच दोन्ही एकदम चमकायला लागल्या की दाबा. धूर निघाला तर माल जळतोय. नंतर आपोआप थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

आणि नखाने खरवडल्यावर सगळीकडेच भुकटी निघत असेल, तर कवच गेलंच समजा. पोलादी नळ्यांचे पाय मात्र जपून ठेवा.