स्कॅफोल्डला मराठीत काय म्हणायचं? सांगाडा, परांची की मांडव?

भाची बायोटेक करतेय, तिच्या प्रोजेक्टची माहिती मी मराठीत लिहून देतेय. विषय आहे आपोआप जुळणारी पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, पाण्यात त्या एकमेकींना चिकटून बारीक धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि जखमेच्या जागी पेशी त्या जाळ्याला धरून वाढतात. या जाळ्याला स्कॅफोल्ड म्हणतात. मी 'सांगाडा' लिहिलं तर म्हणाली, मावशी, सांगाडा म्हटलं की हाडांचा सापळाच दिसतो. आणि सेल्फ असेंब्लीला 'स्वयंजुळणी' चालेल का?

प्रतिसाद: परांची लिहा ना ताई, शब्दशः तेच आहे. इमारत झाली की परांची उतरवतात, तसंच शरीरातले एन्झाइम या जाळ्याचे हळूहळू तुकडे करतात, शेवटी अमिनो आम्लंच उरतात. तात्पुरतेपणा 'सांगाडा'त येतच नाही.

मूळ लेखिका: हे पटलं दादा, पण परांची इमारतीच्या बाहेर असते आणि ती कामगार बांधतात, इथे तर बांधणारं कोणीच नाही.

प्रतिसाद: मी लॅबमध्ये राडा-१६ नावाचं असंच एक पेप्टाइड वापरते. आर्जिनिन, ॲलानिन, ॲस्पार्टिक आम्ल, ॲलानिन अशी चौकडी चार वेळा, एकूण १६. एका बाजूला धन-ऋण भार, दुसरी बाजू पाण्याला टाळणारी, म्हणून पाणी टाळणाऱ्या बाजू एकमेकींना बिलगतात आणि साधारण १० नॅनोमीटर जाडीचा धागा होतो. या घराण्यातलं पहिलं पेप्टाइड अमेरिकेतल्या एमआयटीत शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रोटीनमध्ये सापडलं, १९९३ ला पेपर आला. कुपीत राडा-१६ पातळ आणि आम्लधर्मी असतं, पेशींचं खारट माध्यम वरून हळूच सोडलं की घट्ट होतं, कुपी तिरकी केली तरी हलत नाही, आणि त्यात ९९ टक्के पाणीच! म्हणून 'थिजतं' लिहू नका, थिजतं ते तूप, गारव्यानं. 'गोठतं' पण नको, हेच जेल एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला वापरतात, वाचणाऱ्याला वाटेल रक्ताबद्दल चाललंय. आम्ही आपसात 'जेल लागलं' म्हणतो, दही लागतं तसं.

प्रतिसाद: 'लागलं' फारच आवडलं! 'स्वयंजुळणी'बद्दल, जुळणी कोणीतरी करतं, छापखान्यात खिळ्यांची जुळणी जुळारी करायचा. जुळतं ते मात्र आपलं आपण. म्हणून नाम कशाला, तुम्ही वर लिहिलंय तेच 'आपोआप जुळणारी' ठेवा. आणि स्कॅफोल्डला मांडव. आमच्याकडे कारल्याला मांडव घालतो, वेलाचे ताणे तारेला विळखा घालत पुढे सरकतात, पेशींचंही तेच की. हंगाम संपला की मांडव काढतातही, म्हणजे परांचीतला तात्पुरतेपणा यातही आला.

मूळ लेखिका: मांडव! भाचीला लगेच वाचून दाखवलं, तिलाही पटलं. मग 'पेशी मांडवावर चढतात' असं लिहू?

प्रतिसाद: लॅबवाली परत. 'मांडवावर' नको, जाळं पेशीच्या वर, खाली, चहूबाजूंनी असतं. 'मांडवात वाढतात' लिहा. आणि पहिल्यांदा येईल तिथे स्कॅफोल्ड हा शब्दही ठेवा, वाचणाऱ्यांना पुढे तोच शोधावा लागणार आहे.