अनुभव धागा : क्रूप झालेल्या लहान मुलाची घरची देखभाल

पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना आपल्याकडे घरोघरी मुलांना सर्दी-पडसे होते आणि त्यांतल्या काहींना क्रूप होतो. साधारण सहा महिने ते तीन वर्षे या वयात हा आजार अधिक आढळतो. बहुधा पॅराइन्फ्लुएन्झा गटातील विषाणूंमुळे स्वरयंत्राला आणि त्याखालच्या श्वासनलिकेला सूज येते, आवाज बसतो, कुत्रा भुंकल्यासारखा कोरडा खोकला येतो आणि श्वास आत घेताना कर्कश घरघर ऐकू येते. बहुतेक मुले घरीच बरी होतात. परंतु तो खोकला मध्यरात्री प्रथमच ऐकणाऱ्या आईवडिलांना हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून ज्यांनी या रात्री काढल्या आहेत त्यांनी मूल शांत कसे ठेवले आणि काय पाहून घराबाहेर पडायचे ठरवले, ते सविस्तर लिहावे. औषधाचे प्रमाण कृपया लिहू नये, कारण ते मुलाच्या वजनावर ठरते. सुरुवात मी करते.

आई, फोंडा

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. संध्याकाळपर्यंत केवळ नाक वाहत होते, आणि रात्री ती दचकून उठली ती त्या खोकल्यानेच. रडले की श्वास जोरात ओढला जातो आणि सुजलेली वाट आणखी आवळते, म्हणून तिला गप्प करणे हाच पहिला उपचार आहे, असे आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले. मी तिला मांडीवर ताठ बसवून पाठ माझ्या छातीला टेकवली, दिवा मंद ठेवला आणि तिच्या आवडीची बडबडगीते हळू आवाजात म्हणत राहिले. ती निवल्यावर झबले वर करून पाहिले. गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वर जी खळगी असते, ती प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते का, बरगड्यांच्या मधली कातडी खेचली जाते का, हे रडताना नव्हे, तर मूल शांत असताना पाहायचे असते. रडताना आवाज येणे आणि स्वस्थ असतानाही येणे यांत फार अंतर आहे. तिला तेव्हा तसे काही होत नव्हते, म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. सकाळी डॉक्टरांनी डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइड औषधाचा एकच डोस तोंडावाटे दिला. दिवसा ती अंगणात खेळत होती, तरी दुसरी-तिसरी रात्र सांभाळा, असे त्यांनी बजावले होते. दुसऱ्या रात्री खोकला परत आला, मात्र पुष्कळ सौम्य.

वडील, डिचोली

आमच्या घरी खरा प्रश्न वाफेचा होता. आईने आम्हां सर्व भावंडांना पातेल्यावर चादर धरून वाफ दिलेली, त्यामुळे नातवालाही द्यावी असा तिचा आग्रह होता, आणि त्यामागची तिची माया मला दिसत होती. परंतु वाफेने क्रूपची सूज उतरते असे अभ्यासांत आढळलेले नाही, आणि घाबरून हातपाय झाडणाऱ्या मुलाजवळ उकळते पाणी ठेवणे धोक्याचेच. कापूर आणि निलगिरीच्या तेलाबद्दलही डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला, कारण इतक्या लहान मुलांना त्यांपासून अपाय होऊ शकतो. मी आईला नातवाला पेजेचे कोमट पाणी चमच्याने पाजण्याचे काम दिले. घोट घोट पाजत तिने त्याला जितके शांत ठेवले, तितके आम्हां दोघांना जमले नसते. ताप होता तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेले पॅरासिटामॉल दिले. खोकल्याचे सिरप दिले नाही, प्रतिजैविकही मागितले नाही. विषाणूवर त्याचा उपयोग होत नाही.

आई, म्हापसा

धुराविषयी थोडेसे. नरकासुर जाळण्याच्या पहाटे आमच्या वाड्यावर फटाक्यांचा धूर दाटतो, आणि नेमका त्याच वेळी मुलगा आजारी होता. रस्त्याकडच्या खिडक्या लावून आम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवले. घरातील धूप आणि उदबत्ती मात्र मीच बंद केली, आणि सासूबाईंनीही ते लगेच मान्य केले.

वडील, काणकोण

आमची रात्र घरी निभावली नाही. मुलगी मांडीवर स्वस्थ पडलेली असतानाही घरघर थांबेना आणि खळगी आत जाऊ लागली, तेव्हा अधिक वाट न पाहता 108ला फोन केला. करमल घाटातून मडगावला पोहोचायचे असल्यामुळे दूरच्या लोकांनी लवकर निघावे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. तेथे नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणाऱ्या यंत्रातून, अॅड्रेनालिन दिले आणि थोड्याच वेळात श्वास मोकळा झाला. तरीही त्यांनी आम्हांला काही तास थांबवून घेतले, कारण या औषधाचा परिणाम दोनेक तासांत ओसरतो आणि घरघर परत येऊ शकते. मास्क तोंडावर दाबून न बसवता पत्नीने तो थोडा दूर धरला, म्हणून मुलगी रडली नाही.

निवृत्त परिचारिका, पर्वरी

क्रूपसारखे दिसणारे सगळेच क्रूप नसते. मोठा ताप आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही आणि मूल पुढे झुकून बसले आहे, असे दिसले तर तो एपिग्लॉटायटिस, म्हणजे स्वरयंत्रावरच्या झाकणाला आलेली धोकादायक सूज, असू शकतो. अशा वेळी चमचा घालून घसा पाहू नये, मुलाला आडवे करू नये, तडक रुग्णालय गाठावे. हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी) या जंतूमुळे होणाऱ्या या आजारापासून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील पेंटाव्हॅलंट लस रक्षण करते, म्हणून लसीचे कार्ड पडताळून पाहा. सर्दी नसताना शेंगदाणा किंवा काजू खाता खाता एकाएकी ठसका लागून घरघर सुरू झाली, तर तो तुकडा श्वासनलिकेत अडकलेला असण्याची शक्यता असते. ओठ निळसर होणे, मूल सुस्तावणे, किंवा थकून श्वासाचा आवाजच कमी होणे ही सुधारणा नव्हे, अत्यंत गंभीर खूण आहे.

आई, फोंडा

अंगणवाडीत पुन्हा केव्हा पाठवावे, असे दोघींनी विचारले आहे. आमच्या डॉक्टरांनी ताप पूर्ण उतरून मूल नेहमीसारखे खाऊ-खेळू लागेपर्यंत घरी ठेवायला सांगितले होते. भुंकरा खोकला बहुधा तीन-चार दिवसांत जातो, साधा खोकला आठवडाभर रेंगाळू शकतो. घरात दुसरे तान्हे असेल तर भांडी वेगळी ठेवावीत आणि हात वारंवार धुवावेत. ज्यांच्या मुलांना क्रूप पुन्हा पुन्हा झाला आहे, त्यांनी पुढे अवश्य लिहावे.