फाळके: सिनेमावेडा की घरातला माणूस?

भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके यांनी सिनेमापायी संसार उधळला, असं कुणीकुणी म्हणतं. दागिने गहाण पडले, हे खरंच. पण उधळणारा माणूस घराबाहेर राहतो. फाळक्यांनी सिनेमाच घरात आणला. पहिली बायको आणि मूल प्लेगने गेल्यावर उभा केलेला हा दुसरा संसार होता, हेही ध्यानात घ्या. दुसरी बायको सरस्वतीबाई यंत्रात सरकण्यासाठी फिल्मच्या कडेला लागणारी भोकं पाडायच्या, ती धुवायच्या, वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. (श्रेय खरं तर त्यांना जास्त द्यायला हवं. आपण देत नाही.) १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र.

आणि १९१९चा ‘कालिया मर्दन’ नक्की बघा, बराचसा उपलब्ध आहे. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर नुसता तिचा चेहरा येतो, एकामागून एक भाव बदलत. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. अभ्यासक याला तंत्राचा नमुना म्हणतील. मला तर त्यात लेकीचं कौतुक गावभर सांगणारा बापच दिसतो. मुलींना पडद्यावर येऊ द्यायला घरोघरी नकार असायचा, तेव्हाची ही गोष्ट.