सप्लिमेंटला पुरवणी म्हणावं का? आणि ‘वर्थ आहे का’ला काय?

त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे पण त्याच्यामागे साडेतीन हजारांचा खर्च दडून बसलाय. आम्ही पाच जण दर शनिवारी आमच्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा, मीच. २०१४ वालं मूळ नियमपुस्तक वर्गणी काढून घेतलंय, आता दोघं मागे लागलेत की ‘झॅनाथर्स गाइड’ हे सप्लिमेंट पण घेऊ. ग्रुपवर मराठीत मतदान टाकायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. परिशिष्ट लिहिलं तर एक जण म्हणे ते पुस्तकाच्या मागेच असते ना, वेगळं विकत काऊन घ्यायचं. पूरक ग्रंथ लिहिलं तर पारायणाला बसल्यासारखं वाटते. आणि ‘वर्थ आहे का’ला ‘परवडते का’ लिहिलं तर सगळे निव्वळ किमतीवरच बोलून राहिले.

बर्डीवाला
अबे पुरवणी ना! रविवारी पेपरमधून सर्रकन खाली पडते ती. फक्त ती फुकट येते आणि आमच्या घरी तिच्यावर भाजी निवडतात, तुझ्या साडेतीन हजाराच्या पुस्तकाचं तसं नको व्हायला.

महालची काकू
पुरवणी म्हटलं की मला तर जुलै महिना आठवतो बाई. बोर्डाची पुरवणी परीक्षा, आमच्या धाकट्याने गणितात दिली होती, त्या उन्हाळ्यात घरात हा शब्द काढायची सोय नव्हती. आणि डिसेंबर आला की विधानभवनात पुरवणी मागण्या, इकडे रस्ते बंद आणि तिकडे बजेटमध्ये जे बसलं नाही त्याचे पैसे मागणं चालू. म्हणजे शब्द बरोबरच आहे, पण नागपुरात त्याला थोडा ‘आधी भागलं नाही म्हणून’ असा वास आहे बघा.

जुने मास्तर
काकू, तो वास शब्दातच आहे. पुरणे म्हणजे भागणे, पुरवणे म्हणजे भागेल असं करणे, त्यावरून पुरवणी. कमी पडलं तिथे जोडायची ती. परिशिष्टाचं तसं नाही, परिशिष्ट म्हणजे उरलेलं. मुख्य ग्रंथात ज्याला जागा नव्हती पण टाकवतही नव्हतं ते मागे लावलं. एक कमतरतेतून येतं, एक शिल्लकेतून. माझी अख्खी नोकरी पर्यवेक्षणात गेली, त्यामुळे मला पुरवणी म्हटलं की दोराच आठवतो. पोरगं हात वर करून “सर, पुरवणी” म्हणालं की मी आधी त्याची मूळ उत्तरपत्रिका उलटून शेवटचं पान बघायचो. अर्धी कोरी असेल तर पुरवणी नाही. काही पोट्टे तर नुसती शेजारच्याने घेतली म्हणून मागत. शब्दाचा हा वापर तुमच्या कामाचा आहे असं वाटतं.

त्रिमूर्तीनगर
सर एकदम पटलं, आणि गंमत म्हणजे ह्याच झॅनाथरला मागे स्वतःची दोन परिशिष्टं आहेत, त्यातलं एक निव्वळ नावांचे तक्ते, त्यात भारतीय नावांचा पण एक तक्ता. म्हणजे पुरवणीला परिशिष्ट असू शकते, दोन्ही शब्द वेगळेच ठेवावे लागतील.

बर्डीवाला
मास्तरांचा नियम इथे पूर्ण लागत नाही पण. १९७४ ला हा खेळ आला तेव्हा तीन पुस्तिका होत्या आणि क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, पण तीनच, लढवय्या, जादूगार आणि पुजारी टाइपचा क्लेरिक. चोर आला कुठून, तर १९७५ च्या ‘ग्रेहॉक’मधून, ज्याच्यावर चक्क सप्लिमेंट एक असं छापलेलं होतं. आज चोराशिवाय टेबल लावून दाखव! कधी कधी पुरवणीतलंच उत्तर मार्क देऊन जाते.
उलटं पण होते. २०१९ मध्ये एबेरॉन नावाच्या पुरवणीत आर्टिफिसर हा क्लास आला, २०२० च्या ‘टाशा’ नावाच्या पुरवणीत तोच परत छापला. दोन्ही घेणारा मी एक शहाणा. एकच उत्तर दोन पुरवण्यांवर लिहिलेलं आणि कागदाचे पैसे मी भरलेले.

महालची काकू
मला खेळातलं ओ की ठो कळत नाही पण पुरवणी कोणाच्या पेपरला बांधायची ते तर बघाल ना? मूळ पुस्तक बदललं तर?

बर्डीवाला
काकू सिक्सर! २०२४ मध्ये मूळ पुस्तक नवीन आलं, झॅनाथर २०१७ चं आहे, जुन्याच्या हिशोबाने लिहिलेलं. याच्याकडे जुनंच आहे म्हणून दोरा बसते, नवीनवाल्याने आधी नीट बघून घ्यावं.

जुने मास्तर
दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. ‘परवडते का’ हा खिशाला विचारलेला प्रश्न, तो घेण्याआधीचा. ‘वसूल होईल का’ हा वस्तूला विचारलेला, तो वापरल्यावरचा. वसूल अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ पोचणे. दिलेला पैसा परत आपल्यापर्यंत पोचला की वसूल. लाखाची वस्तू एखाद्याला परवडते पण वसूल होत नाही. आणि दोन्ही नको असतील तर साधं ‘घेण्यासारखं आहे का’ म्हणा, वर्थच्या सगळ्यात जवळ तेच जाते.

त्रिमूर्तीनगर
‘घेण्यासारखं’ घेतो, ‘वसूल’ म्हटलं की लोकं लग्नातल्या जेवणासारखं ताटाकडे बघतात.
काल मतदान टाकलं: “पुरवणी घेण्यासारखी आहे का? उत्तर देण्याआधी मूळ पुस्तकातला कोणता भाग संपवला ते लिहा.” दोन तास सगळे टायपिंग करून राहिले, आलं काहीच नाही. मग जो सगळ्यात जास्त मागे लागला होता त्यानं कबूल केलं की जादूगार खेळतो पण मंत्रांचं प्रकरण अजून उघडलंच नाही, सहा महिने मॅजिक मिसाइल हा एकच मंत्र मारून राहिलाय. सध्या पुरवणी नामंजूर. त्याचं एकच म्हणणं, मग नवीन पात्रांना नावं कुठून आणायची? त्याच्या आईनं फ्रिजवरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून दिला. पुढच्या शनिवारच्या राक्षसाचं नाव एका पत्रिकेतल्या ‘आमचे येथे’वाल्या आजोबांचं आहे.