शिकागो बेअर्सचं स्टेडियम, पेटन विरुद्ध केलेब आणि पुढच्या वर्षीचा रोस्टर (टीममधले खेळाडू) – तुमचं काय मत?

पॅलटाईनचा_पाहुणा
मंडळी, जानेवारी २०२६ मधल्या रॅम्सविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल प्लेऑफ (नॉकआऊट) मॅचनंतर दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, आता जरा बरं आहे म्हणून विचारतो. ओव्हरटाईममध्ये २०-१७ हरलो ते हरलो, पण त्याआधी चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, केलेब विल्यम्स मागे मागे पळत गेला आणि तिथून कमेटला एंडझोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गोलपट्टीत, बॉल टाकला, ते बघितल्यापासून आमच्या ऑफिसातली पोरं म्हणतायत की हा आता जुन्या काळच्या वॉल्टर पेटनच्या पंक्तीत बसला. मला २०१६ पासूनचंच बेअर्स माहिती, त्यात बघण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून जुन्या लोकांना विचारतोय, एवढं लगेच म्हणता येतं का?
दुसरं म्हणजे स्टेडियम. घर घेताना एजंट म्हणाला होता शिकागोबाहेर अर्लिंग्टनला स्टेडियम येतंय, भाव बघा कसे चढतात. आता डिसेंबरमध्ये बेअर्सचा प्रेसिडेंट केव्हिन वॉरनने पत्र काढून शेजारच्या इंडियाना राज्याचं नाव घेतलंय. खरंच जातील का?
आणि रोस्टरमध्ये सगळ्यात मोठं भोक कुठे आहे तेही सांगा.

रूट_५३_वाला
स्टेडियमचं मी सांगतो, कारण ते थेट आमच्या टॅक्स बिलाशी जोडलेलं आहे.
मुळात बेअर्स सोल्जर फील्डवर भाडेकरू आहेत, मालक शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट. २००३ मध्ये जुने खांब तसेच ठेवून आत नवीन स्टेडियम बसवलं, साडेएकसष्ट हजार सीट, एनएफएल लीगमध्ये सगळ्यात कमी, वर छत नाही त्यामुळे सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, कधी मिळणार नाही आणि कॉन्सर्टचा पैसाही यांच्या खिशात येत नाही. मुंबईवाल्यांना हे पटकन कळेल, ब्रेबॉर्न सीसीआयचं होतं, तिकिटांवरून असोसिएशनशी वाजलं आणि वैतागून असोसिएशनने हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं केलं. फरक इतकाच की वानखेडे सव्वा वर्षाच्या आत झालं आणि आमच्याकडे २०२३ च्या फेब्रुवारीत १९७ मिलियन डॉलरला अर्लिंग्टनच्या रेसकोर्सची ३२६ एकर घेऊन ठेवलीय, तिथे अजून गवतच वाढतंय.
मधे काय झालं तर टॅक्ससाठी जागेची किंमत किती धरायची यावरून तीन स्कूल डिस्ट्रिक्टशी भांडण, मग २०२४ मध्ये परत शिकागोच्या लेकफ्रंटवर ४.७ बिलियनचा घुमटवाला प्लॅन, त्याला गव्हर्नरने नाक मुरडलं, मग २०२५ मध्ये परत अर्लिंग्टन. आता म्हणतात स्टेडियम आमच्या पैशाने बांधतो पण रस्ते, पाणी वगैरेसाठी साडेआठशे मिलियनच्या आसपास सरकारने द्या आणि प्रॉपर्टी टॅक्स पुढच्या अनेक वर्षांचा आत्ताच ठरवून द्या. तो कायदा स्प्रिंगफिल्डला, म्हणजे इलिनॉयच्या राजधानीत, अडकलाय. इंडियाना म्हणजे माझ्या मते स्प्रिंगफिल्डला दाखवलेला धाक आहे, पण धाक दाखवता दाखवता माणूस खरंच जातो कधीकधी, त्यामुळे घराच्या भावाचं गणित त्यावर मांडू नका.
आणि हो, २००३ च्या कामाचं कर्ज अजून फिटायचंय, हॉटेल टॅक्समधून फेडतायत. म्हणून परत सरकारी पैसा म्हटलं की मला धडकी भरते.

काका_८५
मी ८३ साली शिकागोत आलो, त्यामुळे पेटनवर मला बोलायचा हक्क आहे असं समजतो.
रनिंग बॅक होता तो, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. १६,७२६ यार्ड. तेरा सिझनमध्ये फक्त एक मॅच चुकली, तीही पहिल्या वर्षी. ७७ साली अंगात ताप असताना व्हायकिंग्जविरुद्ध २७५ यार्ड पळाला. हे आकडे सगळ्यांना सापडतात, पण तो कुणाबरोबर खेळला ते बघा. त्याच्या करिअरची बरीच वर्षं टीममध्ये धड क्वार्टरबॅक नव्हता, समोरच्या अकराही जणांना माहिती असायचं की बॉल ३४ नंबरकडेच जाणार, तरी तो पळायचा, आणि साईडलाईनच्या बाहेर पळून जायच्या ऐवजी अंगावर येणाऱ्यालाच धडक द्यायचा. ८५ च्या टीमने सुपर बोल ४६-१० जिंकला पण त्यात पेटनला टचडाऊन (एंडझोनमध्ये बॉल नेणं) नाही, एक यार्डावरून बॉल दिला कुणाला तर ‘रेफ्रिजरेटर’ टोपणनावाच्या पेरीला. कोच डिटकाने नंतर स्वतः कबूल केलं की त्याची खंत आहे. मला अजूनही तो हायलाईट लागला की चॅनल बदलावंसं वाटतं. ९९ साली लिव्हरच्या आजाराने गेला तेव्हा ४५ वर्षांचा होता, आणि शेवटच्या महिन्यांत अवयवदानाबद्दल बोलत होता. लीगचा मॅन ऑफ द इयर अवॉर्ड उगीच त्याच्या नावाने नाही.
केलेब गुणी पोरगा आहे. पण पंक्तीत बसायच्या आधी पान तर मांडू द्या.

ताई_ऑरोरा
काका, पेटन मान्य, पण तुम्ही तुलनाच चुकीची लावताय. रनिंग बॅकची क्वार्टरबॅकशी तुलना कशाला, क्वार्टरबॅकची क्वार्टरबॅकशी करा ना. बेअर्सचा एका सिझनचा पासिंग रेकॉर्ड (बॉल फेकून मिळवलेले यार्ड) १९९५ पासून एरिक क्रेमरच्या नावावर होता, ३,८३८. इतकी वर्षं कुणाला तो मोडता आला नाही, नंतरच्या कटलरलाही नाही, आणि केलेबने दुसऱ्याच वर्षी ३,९४२ केले. तेही आदल्या वर्षी ६८ वेळा सॅक खाऊन, म्हणजे बॉल टाकायच्या आधीच आडवा होऊन! दुसरा कुणी असता तर घाबरून बॉल टाकायचंच विसरला असता. पॅकर्सविरुद्ध प्लेऑफमध्ये हाफटाईमला २१-३ मागे होतो, मी टीव्ही बंद करून पोळ्या लाटायला गेले होते, आमच्या घरातल्या आरड्याओरड्याने परत बाहेर आले. ३१-२७.

काका_८५
ताई, आपल्या जुन्या क्वार्टरबॅकला, सिड लकमनला विसरलात. चाळीसच्या दशकात चार चॅम्पियनशिप, १९४० ची फायनल ७३-०. यार्ड कमी असतील, तेव्हा खेळच वेगळा होता.

ताई_ऑरोरा
विसरले नाही काका, पण लकमनला खेळताना तुम्हीही बघितलेलं नाही 😄

पुणेरी_पॅकर
वा, ३१-२७ ची आठवण काढल्याबद्दल आभारी आहे. आमच्याकडे निदान टीम गाव सोडून जाणार ही भीती नाही, आमचं लॅम्बो स्टेडियम १९५७ पासून तिथेच आहे आणि टीमचे मालक आम्ही शेअरहोल्डर. डिव्हिडंड शून्य, पण झोप शांत लागते.

रूट_५३_वाला
शांत झोपा हो, डिसेंबरमध्ये ओव्हरटाईमला आम्ही तुम्हाला हरवलं त्याचा रिप्ले लावून झोपा.

पॅलटाईनचा_पाहुणा
काका, ताई, दोघांनाही धन्यवाद. रोस्टरचं कुणीच बोललं नाही पण.

ताई_ऑरोरा
हां, ते राहिलंच. हे बघ, केलेब वाचला तो जनरल मॅनेजर पोल्सने मागच्या वर्षी लाईनवर, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीवर, पैसा घातला म्हणून. ट्युनी चीफ्सकडून, जॅक्सन रॅम्सकडून, फळीच्या मध्यभागी, सेंटरला डालमन. सॅक निम्म्याहून कमी झाले. पण फळीच्या डाव्या टोकाला, लेफ्ट टॅकलला परत प्रश्नचिन्ह आहे, ट्रापिलो गुडघा दुखावून पॅकर्सच्या मॅचमध्येच बाहेर गेला, तो केव्हा परत येईल कुणास ठाऊक. रनिंगला स्विफ्ट आणि मोनानगाय पुरेत, ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडूंच्या निवडीत) सातव्या राऊंडला घेतलेला मोनानगाय असा निघाला हे नशीब.
माझी खरी काळजी डिफेन्सची. यंदा लीगमध्ये सगळ्यात जास्त टेकअवे (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल) आपले, म्हणून सगळे खूश आहेत, पण असे हातात आयते पडलेले बॉल दरवर्षी पडत नाहीत. स्वेट सोडला तर क्वार्टरबॅकवर प्रेशर आणणारा कोण आहे? समोरच्याला उभं राहायला तीन-चार सेकंद मिळाले की झालं. त्यात दोन्ही सेफ्टी, म्हणजे डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभे राहणारे, बायर्ड आणि ब्रिस्कर, यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, दोघांनाही ठेवणं सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या पगाराच्या मर्यादेत) बसेल असं मला वाटत नाही. मी बायर्डला एक-दोन वर्षांचं देऊन ठेवेन आणि ड्राफ्टमधला पहिला पिक एज रशरवर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यावर, घालेन.

काका_८५
बायर्ड तिशी ओलांडलेला आहे. वय झालेल्याला पैसे देऊन कोच लोव्ही स्मिथच्या वेळची ती डिफेन्स कशी ढासळली ते आठवा. ब्रिस्करला ठेवा.

ताई_ऑरोरा
ब्रिस्करची कन्कशनची (डोक्याला मार लागण्याची) हिस्टरी बघा आधी. २०२४ चा बराचसा सिझन त्यातच गेला.

पॅलटाईनचा_पाहुणा
म्हणजे दोघांपैकी एकच राहणार हे नक्की धरायचं का? मी ब्रिस्करची जर्सी घ्यायच्या बेतात होतो.

रूट_५३_वाला
मार्चपर्यंत थांब. नाहीतर सरळ पेटनची ३४ नंबर घे, ती कधी जुनी होत नाही.